देओलिंदाबाईंची रांग

माझं स्वतःचं दुकान अकरा महिन्यांत बंद पडलं आणि त्यानंतर मी दुसऱ्यांना दुकान कसं चालवावं हे शिकवायला लागलो.

दुकान थर्मासला चामड्याचं कव्हर शिवून देण्याचं होतं. आमच्या सान्ता दोरोतेआत माणूस एक वेळ चप्पल विसरेल, पण काखेत थर्मास मारल्याशिवाय घराबाहेर पडणार नाही. त्यात बर्फाचं पाणी, हातात शिंगाचा पेला, पेल्यात माते नावाचा पाला आणि पाणी ओढायला धातूची नळी. याला आम्ही तेरेरे म्हणतो आणि दिवसभर पितो. म्हणजे अख्खं गाव माझं गिऱ्हाईक. मी राबून एकेक कव्हर असं शिवलं की टाका उसवायला घोडे लावावे लागले असते. सगळ्या गावाने एकेक घेतलं, मला तोंडभर आशीर्वाद दिले आणि पुन्हा म्हणून दुकानाची पायरी चढलं नाही. माझी बायको सुनिल्दा अजूनही कपडे वाळत घालताना मधेच थांबून म्हणते, "तुझं काम फार चांगलं होतं रे, तासियो. तेच नडलं."

मग मी राजधानीत जाऊन बारा दिवसांचा अभ्यासक्रम केला. येताना गळ्यात ओळखपत्र होतं आणि हातात एक स्टॉपवॉच होतं, ते अभ्यासक्रमाबरोबर फुकट मिळालं होतं. नगरपालिकेने मला 'लघुव्यवसाय मार्गदर्शक' असं नाव, एक टेबल आणि एक पंखा दिला. पंख्याचं तोंड काही केल्या भिंतीकडून वळत नसे. चार वर्षांत मी तेवीस व्यवसायांना मार्गदर्शन केलं. त्यात एक बेकरीवाला होता. त्याच्या मालाची मांडणी मी अशी शास्त्रशुद्ध बदलली की पुढचा आठवडाभर त्यालाच पाव सापडेना. मी समोरून येताना दिसलो की तो अजूनही रस्ता ओलांडतो.

तर अशा मला एके दिवशी नगरपालिकेतल्या साहेबांनी बोलावलं आणि म्हणाले, "कोर्टाच्या कोपऱ्यावरच्या देओलिंदाबाईंची रांग कमी कर. सहा आठवडे आहेत."

देओलिंदाबाई कोण हे आमच्या गावात कोणी विचारत नाही. कोर्टाच्या फाटकाजवळ एक आंब्याचं झाड आहे. त्याच्या खाली एक टेबल, टेबलावर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या औषधी पाल्याच्या जुड्या, एक लाकडी खल, आणि खलाच्या मागे बाई. सकाळी सहापासून माणसं आपापले थर्मास घेऊन येतात. कोणाला झोप नाही, कोणाचं डोकं धरलंय, कोणाच्या पोटात आग. बाई पाला निवडतात, कुटतात, तो थर्मासच्या पाण्यात पडतो आणि माणूस दिवसभर ते औषध तेरेरेतून पीत बसतो. बाईंची आई याच झाडाखाली एकवीस वर्षं बसली होती, बाईंना एकतीस झाली होती. नवरा क्रेसेन्सियो विटा रचायला बुएनोस आयरेसला गेला तो एकोणीस वर्षं 'या नाताळाला नक्की येतो' म्हणतोय. तो फोनवर लांबलचक बोलून पाठवतो आणि बाई ते पाला कुटता कुटता ऐकतात. खलाच्या आवाजात निम्मं ऐकू येत नाही. आमचा संसार टिकला तो या निम्म्यामुळे, असं त्या सांगतात.

गरीब बिचारी बाई वगैरे समजू नका. दोन मुली शिकवल्या, थोरली परिचारिका आहे. बाई रोज वर्तमानपत्रातल्या मृत्यूच्या बातम्या चष्मा लावून मोठ्याने वाचतात आणि यातले कोण आपल्याकडे यायला हवे होते पण आले नाहीत, तेही सांगतात.

अडचण अशी झाली की रांग झाडाखालून निघून पदपथावरून थेट कोर्टाच्या फाटकापर्यंत जायला लागली. कोर्टाने तक्रार केली. नगरपालिकेने ठराव केला: पदपथावर पाचपेक्षा जास्त माणसांची रांग आढळल्यास सदर विक्रेत्याला बाजाराच्या मागच्या ओळीत हलवण्यात येईल. पाहणी करणार होते पदपथ निरीक्षक इलारियो हेनेस. या गृहस्थांना गावात कोणी हसताना पाहिलं नव्हतं आणि त्यांच्या कमरेला नेहमी मोजपट्टी असायची.

मी गेलो तेव्हा बाई कात्रीने देठं छाटत होत्या.

"मावशी, मी नगरपालिकेकडून आलोय. तुमच्या कामकाजात सुधारणा करायला."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कव्हरवाला तासियो ना रे तू?"

"हो, पण आता मी—"

टेबलाखालून त्यांनी स्वतःचा थर्मास काढून माझ्यापुढे आपटला. "पाच वर्षं झाली. एक टाका उसवला नाही. काय सुधारणार आणखी?"

मी ठरावाचं सांगितलं. कात्री थांबली.

"मागची ओळ म्हणजे मटणवाल्यांच्या मागे?"

"हो."

"तिथे पुदिन्याला रक्ताचा वास लागेल." त्यांनी रांगेवरून नजर फिरवली. "आणि लोक येतील दोन दिवस, माझी दया म्हणून. तिसऱ्या दिवशी मी आणि माश्या." मग कात्री खिशात टाकून म्हणाल्या, "माझी जागा वाचव, तासियो. तू सांगशील ते करते."

तू सांगशील ते करते! चार वर्षांत हे वाक्य मला कोणीही म्हटलं नव्हतं, घरात तर नाहीच. माझी छाती एवढी फुगली की ओळखपत्र आडवं झालं.

पुढच्या तीन सकाळी मी झाडामागे उभा राहून स्टॉपवॉच चालवलं. तुम्हाला सांगतो, विज्ञान ही मोठी गोष्ट आहे. पाला निवडायला पंधरा सेकंद. कुटायला चाळीस. थर्मासमध्ये टाकायला दहा. आणि 'कसं उजाडलं?' याला सरासरी तीन मिनिटं दहा सेकंद.

आमच्या ग्वारानी भाषेत सकाळी माणूस भेटला की 'कसं उजाडलं?' असं विचारायची पद्धत आहे. त्याचं उत्तर 'छान'. रात्रभर दाढ ठणकली असली, बायको माहेरी गेली असली, घरावरचं छप्पर उडालं असलं तरी उत्तर 'छान'च. विचारणाराही उत्तराची वाट न बघता पुढे गेलेला असतो. अख्ख्या देशात हा प्रश्न खरोखरचा प्रश्न म्हणून विचारणारी एकच व्यक्ती असावी आणि तिचीच रांग कमी करायचं काम माझ्या नशिबी आलं होतं.

"कसं उजाडलं, निमिया?" शाळेतल्या निमियाबाई टेबलाशी आल्या.

"छान."

"छान ते तुझ्या मुख्याध्यापकाला सांग. मला खरं सांग."

आणि निमियाबाई पुढे वाकून हळू आवाजात काहीतरी सांगू लागल्या. चार मिनिटं पाच सेकंद. त्यांच्यानंतर वकील फ्रेतेस. आमच्याकडे वकिलालाही डॉक्टर म्हणतात, त्यामुळे खरा डॉक्टर शोधताना जरा घोटाळा होतो.

"कसं उजाडलं, डॉक्टर?"

"माझं ठीक आहे हो, देओलिंदाबाई. माझ्या एका अशिलाचं जरा..."

"किती दिवस झाले अशिलाला?"

"चार."

"काल काय खाल्लं अशिलाने?"

"मक्याच्या वड्या. चीजच्या. सहा-सात."

"अशिलाला लाज नाही वाटली?"

"वाटली ना. मी रात्री तेच म्हणालो त्याला."

इथवरचं मला ऐकू आलं, पुढचं नाही. कारण बाई खल कुटायला लागल्या. आणि इथेच माझ्या अनुभवी नजरेने एक गोष्ट टिपली: खलात पाला नव्हता! समोरचा बोलत असेपर्यंत बाई रिकामाच खल ठकठक कुटत बसत. तो गप्प झाला की मग पाला टाकत आणि पुन्हा पहिल्यापासून कुटत. मी वहीत लाल शाईने लिहिलं: 'रिकामा खल कुटणे. वाया जाणारी क्रिया. तातडीने बंद करणे.' खाली दोन रेघा ओढल्या. ती वही मी अजून ठेवली आहे. फार हुशार वाटायला लागलं की काढून ते पान वाचतो.

माझा इलाज सोपा होता. माणसांच्या तक्रारी काही हजार प्रकारच्या नसतात. मी त्या सहात बसवल्या. पाला पहाटेच कुटून पुडे बांधून ठेवायचे, पुड्यांवर नंबर, आणि झाडाला टेकवून एक भलामोठा लाकडी फलक. माझ्या मेव्हण्याने तो नगरपालिकेच्या निळ्या रंगात रंगवून दिला:

एक, झोप. दोन, डोकं. तीन, मूत्रपिंड. चार, पित्त. पाच, पोट साफ. सहा, वयाच्या झळा.

अक्षरं वीतभर. कोर्टाच्या पायरीवरूनही वाचता यावीत, अशी माझी खास सूचना होती.

"म्हणजे मी काहीच विचारायचं नाही?" बाईंनी विचारलं.

"काहीच नाही. माणूस नंबर सांगेल, तुम्ही पुडा द्यायचा."

"आणि 'कसं उजाडलं'?"

"मावशी, ते तीन मिनिटं दहा सेकंद आहे."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं होतं त्या कुरकुर करतील. पण पहिल्या दिवशी बाई ओठांना लाली लावून आल्या. नवीन एप्रन. सुधारणा म्हणजे सुधारणा, अर्धवट काही करायचं नाही, असा त्यांचा स्वभाव. त्यांनी त्यात स्वतःची भरही घातली. नंबर आला की त्या तो पुकारायला लागल्या.

"पाच! पाच नंबर कोणाचा? पोट साफ! डॉक्टर फ्रेतेस, या पुढे, तुमच्या अशिलाचं तयार आहे!"

रांगेत मागून कोणीतरी म्हणालं, "डॉक्टर, अशील आज कोर्टात हजर राहणार का?"

त्यावर जे हसू उठलं ते कोर्टाच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत गेलं म्हणतात. फ्रेतेस पुडा न घेताच गेले. त्यांच्यानंतर निमियाबाईंची पाळी. या बाई गेली आठ वर्षं एकोणचाळीस वर्षांच्या आहेत. मागे त्यांच्या विद्यार्थ्यांच्या तीन आया उभ्या. निमियाबाईंनी फलक वाचला. वरून खाली वाचला, खालून वर वाचला, सहा या आकड्यावर नजर अडखळली आणि त्या म्हणाल्या, "दोन."

"तुझं डोकं कधीपासून दुखायला लागलं?" बाईंनी सवयीने विचारलं.

मी झाडामागून खाकरलो. बाईंनी दोन नंबरचा पुडा दिला. निमियाबाई डोकं दुखत नसताना डोक्याचं औषध घेऊन गेल्या आणि त्यांच्या झळा तशाच राहिल्या.

मला यातलं काहीही दिसलं नाही. मला दिसलं स्टॉपवॉच. माणशी बावीस सेकंद! राजधानीतल्या मास्तरांनी हे पाहिलं असतं तर मला उचलून घेतलं असतं. सोमवारी रांगेत अकरा माणसं होती. बुधवारी सहा. शुक्रवारी दोन. पुढच्या मंगळवारी शून्य. मी आलेख काढला. रेघ वरून खाली अशी सुंदर घसरत आली होती की साहेबांनी तो आपल्या खुर्चीमागे लावला. भिंतीकडे तोंड केलेल्या माझ्या पंख्यालाही कदाचित त्या दिवशी वळून बघावंसं वाटलं असेल.

मी धावत झाडाखाली गेलो. बाई टेबलामागे हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून बसल्या होत्या. समोर पुड्यांची चळत. पहाटे कुटलेला पाला दहा वाजता काळा पडतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

"रांग गेली, तासियो," त्या म्हणाल्या.

"गेली ना!" मी म्हणालो.

"लोकही गेले."

तुम्ही हसाल, पण हे मला तोवर खरंच सुचलं नव्हतं. मी तिथे उभा राहून दोन्हींतला फरक समजून घ्यायला लागलो. बाई शांतपणे बोलत होत्या, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "जागा राहिली म्हणायची. आता माश्यांना मटणवाल्यांकडून इथवर यावं लागेल, एवढाच फरक."

"आपण पुन्हा पहिल्यासारखं करू, मावशी."

"पहिल्यासारखं केलं की रांग येईल. रांग आली की हेनेस येईल. किती दिवस राहिले?"

"आठ."

"मग सांग काय करायचं. तू सांगशील ते करते म्हणाले होते मी."

या वेळी त्याच वाक्याने माझी छाती फुगली नाही, छातीत आग पडली. हे मी अलंकारिक बोलत नाही. खरोखरची आग. दोन दिवस अन्न जाईना. तिसऱ्या दिवशी सकाळी सुनिल्दा म्हणाली, "जा की तुझ्या फलकाकडे. माग चार नंबर."

गेलो. झाडाजवळच्या थांब्यावर बसची वाट बघत तिघेजण उभे होते. त्यात आमच्या साहेबांची टंकलेखिका. मी टेबलासमोर उभा राहिलो. डोळ्यांसमोर वीतभर निळी अक्षरं: चार, पित्त. नुसतं 'चार' म्हणायचं होतं. दोन अक्षरं. तोंड उघडलं आणि शब्द निघाले, "आज उकाडा जास्त आहे, नाही?"

"आहे," बाई म्हणाल्या.

मी पुन्हा फलकाकडे पाहिलं. टंकलेखिकाही फलकाकडे बघायला लागली, मग माझ्याकडे, मग माझ्या पोटाकडे.

"मावशी," मी हळूच म्हणालो, "तुम्ही विचारत का नाही?"

"काय विचारू?"

"ते हो. नेहमीचं."

"ते फलकावर नाही," बाई म्हणाल्या. तोंडावर हसू नव्हतं, पण कात्रीचा खिसा हलला.

"विचारा की."

बाई उठल्या. त्यांनी माझा फलक झाडापासून ओढला, पदपथापासून आत, आंब्याच्या मुळाशी दोन विटांवर आडवा टाकला, टेबल त्याच्या कडेला सरकवलं आणि म्हणाल्या, "आधी बस. उभ्याने पित्त चढतं."

मी बसलो. नेमका चाराच्या आकड्यावर. बसल्यावर तो दिसेनासा झाला.

"कसं उजाडलं, तासियो?"

"छान."

"छान ते साहेबांना सांग."

आणि बाईंनी खल पुढे ओढला. रिकामा. ठक, ठक, ठक. मी बोलायला लागलो. मला धंद्यातलं काहीही कळत नाही इथपासून सुरुवात केली. चार वर्षांत एकही माणूस परत येऊन तुझ्या सल्ल्याचा उपयोग झाला म्हणाला नाही. बेकरीवाला रस्ता ओलांडतो. स्वप्नात कव्हर नसलेले थर्मास येतात, हात जोडून. आणि तुमची जागा आता माझ्यामुळे जाणार. बोलता बोलता मी मान वळवली तर टंकलेखिका बसथांब्यावरून मान लांब करून ऐकायचा प्रयत्न करत होती आणि तिला काही ऐकू येत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरूनच ते कळत होतं. ठक, ठक, ठक.

मी बोलायचा थांबलो आणि त्या रिकाम्या खलाकडे बघत राहिलो. लाल शाई, दोन रेघा.

"यासाठी कुटता होय तुम्ही?"

"मग काय, मला हाताला व्यायाम हवाय?" बाई म्हणाल्या आणि आता कुठे त्यांनी खलात पाला टाकला.

पेला भरला, पहिला घोट स्वतः घेतला, दुसरा माझ्याकडे. तेवढ्यात कोर्टाच्या पायरीवरून कोणीतरी आलं. डॉक्टर फ्रेतेस. दहा दिवस ते तिथून झाडाकडे बघत होते आणि चेहऱ्यावरून अशिलाची प्रकृती खालावलेली दिसत होती.

"सरक, कव्हरवाल्या," ते म्हणाले. मी सरकलो, खलापासून लांब. ते आधी उभ्यानेच फलक न्याहाळत राहिले आणि मग बरोबर पाचावर बसले. बाईंनी प्रश्न विचारला, खल सुरू झाला. मी तेरेरे ओढत दुसरीकडे बघत बसलो.

तेरेरेचा घोळका कसा चालतो हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. पेला एकच, तो गोल फिरतो, आणि फिरण्याचा क्रम कोणी मोडत नाही. ज्याला पुरे झालं तो पेला परत देताना 'धन्यवाद' म्हणतो. आमच्या घोळक्यात धन्यवाद म्हणजे 'पुरे, आता मला नको'. म्हटल्याशिवाय कोणी तुम्हाला उठवत नाही, आणि म्हणालात की कोणी तुम्हाला पुन्हा देत नाही. त्या दिवशी पेला माझ्याकडून फ्रेतेसांकडे गेला, मग तिसऱ्याकडे. दुसऱ्या दिवशी निमियाबाई घरून वायरची खुर्ची घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी कोर्टातल्या कारकुनांनी दोन आणल्या. खलाशेजारची जागा रिकामी झाली की गोलातले सगळे एकेक जागा सरकत. रांगेत असत तेवढीच माणसं, तेवढाच वेळ, तोच प्रश्न. फक्त सगळी आत झाडाखाली, बसलेली. पदपथावर आंब्याची पानं तेवढी होती.

हे कोणी योजलं? कोणीच नाही. मी तर नाहीच. मी नुसता स्वतःचं पित्त घेऊन गेलो होतो.

फक्त हेनेस उरले होते. तो बुधवार मी विसरणार नाही. पावणेसात वाजता ते आले, कमरेला पट्टी, काखेत वही. गोलात चौदा माणसं होती आणि चौदांनीही एकदम पेल्याकडे बघायला सुरुवात केली. बाईंचा हात खलावर होता. तो हलत नव्हता. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो.

हेनेसांनी पट्टी ओढून काढली आणि तिचं टोक अडकवायला जागा शोधत गोलाभोवती एक फेरी मारली. मग दुसरी.

"रांगेतला शेवटचा माणूस कोण?" त्यांनी विचारलं.

फ्रेतेस उठले, कोट सारखा केला आणि कोर्टात असल्यासारखे म्हणाले, "साहेब, शेवटचा कोणी नाही. ठरावात 'पदपथावर रांग' असा शब्द आहे. आम्ही पदपथावर नाही आणि आम्ही रांग नाही."

"मग काय आहात?"

"बसलोय," निमियाबाई म्हणाल्या.

"पण सगळी गिऱ्हाइकंच आहात ना? एकाच्या मागे एक नंबर लावून?"

फ्रेतेस कोट सावरत खाली बसले. वही निघाली, पेनाचं टोपण निघालं. हेनेस लिहिणार एवढ्यात बाई म्हणाल्या, "उन्हात उभे काय राहिलात, इलारियो? त्या मुलाने जागा सोडलीय बघा, बसा."

तो मुलगा म्हणजे मी, वय चव्वेचाळीस. मी उडी मारून खलाशेजारची जागा सोडली. हेनेस बसले, ते थकलेले असावेत म्हणून, की चार जण एकदम सरकले म्हणून, कोण जाणे.

"कसं उजाडलं?"

"छान," हेनेस म्हणाले.

"छान ते तुमच्या पट्टीला सांगा."

आणि रिकामा खल सुरू झाला. ठक, ठक, ठक. सुरुवातीला हेनेसांचे ओठ मिटलेले होते. मग हलले. मग हलतच राहिले. काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही आणि आजही ठाऊक नाही. बाईंना विचारायची कोणाची हिंमत नाही. मधेच मांडीवरची पट्टी सटकन आपोआप आत गुंडाळली गेली, तेही त्यांना कळलं नाही. बाईंनी पाला कुटला. पेला त्यांच्याकडे गेला. त्यांनी ओढला, परत दिला. काही बोलले नाहीत. पेला चौदा जणांतून फिरून पुन्हा आला. पुन्हा ओढला. पुन्हा काही नाही.

फ्रेतेस माझ्या कानाशी लागले. "अजून धन्यवाद म्हणाला नाही."

"मोजतोय मी."

"किती?"

"पाचवा."

साडेसातला कोर्टाची घंटा झाली. फ्रेतेसांची तारीख होती, ते उठले नाहीत. सातव्या पेल्याला हेनेस म्हणाले, "धन्यवाद." उभे राहिले, वही उघडली आणि उभ्या उभ्या एक ओळ लिहिली. ती ओळ आमच्या कचेरीत आली तेव्हा मी स्वतः वाचली: 'पाहणीच्या वेळी रांग आढळली नाही.' तारीख, सही. खाली, जिथे शेरा लिहायची जागा असते तिथे, बारीक अक्षरात: 'पुढील पाहणी दर बुधवारी करणे आवश्यक.'

देओलिंदाबाई झाडाखालीच आहेत. हेनेस दर बुधवारी पाहणीला येतात, येताना स्वतःचा थर्मास आणतात. त्याला कव्हर नव्हतं, ते मी शिवून दिलं. फलकाचा निळा रंग मेव्हण्याने स्वस्तातला वापरला होता, त्यामुळे उकाड्यात बसलेल्या माणसाच्या पाटलोणीला तो लागतो, आणि कोर्टात उभं राहून बाजू मांडणाऱ्या वकिलाच्या मागे पुसटसा पाच दिसला तर न्यायाधीश आता काही विचारत नाहीत.

मी काय केलं? अहवाल लिहिला. 'बैठक पद्धतीने ग्राहक-व्यवस्थापन: एक यशस्वी प्रयोग.' साहेबांनी खुर्चीमागचा जुना आलेख काढून हा अहवाल तिथे लावला. राजधानीतल्या मास्तरांनी मला भाषणाला बोलावलं, आणि मी गेलो, आणि पाऊण तास बोललो, आणि खोटं एकदाच बोललो: ही कल्पना मला सुचली असं म्हणालो तेव्हा. टाळ्या त्याच वाक्याला पडल्या.

परत आलो तो डोक्यात नवीन कल्पना घेऊनच. सरळ झाडाखाली गेलो, गोलात बसलो. पेला आला, ओढला, परत दिला आणि बाईंच्या जवळ सरकलो.

"मावशी, आणखी एक छोटी सुधारणा सुचलीय. या खुर्च्यांना जर आपण क्रमांक दिले आणि प्रत्येक जागेला—"

बाईंनी पेला भरला. स्वतःच ओढला, शेवटचा घोट खळखळेपर्यंत. मग माझ्याकडे बघून फार प्रेमाने म्हणाल्या,

"धन्यवाद, तासियो."